परक्या ताटातला घास

गिरजेच्या तोंडात बोट घालून शिवगंगेनं घास बाहेर काढला, तेव्हा हॉटेलात फारसा आवाज झाला नाही. पोर रडलीसुद्धा नाही. तिनं आधी आईच्या तळहातावरचा तो ओला, अर्धा चघळलेला तुकडा पाहिला, आणि मग बाकावरच्या म्हातारीकडं वळून पुन्हा आ केला. म्हातारीचा हात दुसरा घास घेऊन तसाच थांबला होता. तिच्या शेजारी बसलेल्या म्हाताऱ्याच्या एका डोळ्यावर हिरव्या कापडाची पट्टी होती. त्याला काय घडलं ते नीट दिसलं नसावं, कारण त्यानं सबंध मान वळवून आधी बायकोकडं आणि मग शिवगंगेकडं पाहिलं. शिवगंगा स्वतःच्याच हातांकडं बघत उभी होती. उजव्या तळव्यावर घास होता आणि डाव्या हातानं तिनं गिरजेची हनुवटी धरली होती, अंगठा एका गालावर, चार बोटं दुसऱ्या गालावर, घट्ट. पोरीला तिनं आजवर कधी असं धरलं नव्हतं. पण हाताला ते सराईतासारखं येत होतं.

रविवारची दुपार कलली होती. माजलगावातून गेवराईकडं जाणाऱ्या रस्त्यावर हे हॉटेल नवंच झालं होतं. धरणाचं पाणी कालव्यानं फिरायला लागल्यापासून गावात असं बरंच काही नवं होत होतं. ज्यांच्या रानात कालपर्यंत करडईसुद्धा धड येत नव्हती त्यांच्या दारात ऊस आला, उसामागं सहकारी कारखान्याच्या गाड्यांच्या फेऱ्या आल्या, लग्नं मोठी होऊ लागली आणि मोंढ्याजवळच्या मन्मथप्पाच्या भांड्यांच्या दुकानाला बरे दिवस आले. महिन्यातून एखाद्या रविवारी तो बायकोला आणि पोरीला स्कूटरवर बसवून इथं घेऊन यायचा. घरात काय कमी आहे, असं सासूबाई दर वेळी म्हणायच्या. तो हसून गाडीला किक मारायचा. हॉटेलात मटणही मिळायचं, पण त्याचं स्वैपाकघर वेगळं आहे याची खात्री त्यानं पहिल्याच दिवशी आत जाऊन करून घेतली होती. फॅमिली रूम म्हणून लाकडी फळ्यांचे चार कप्पे होते आणि प्रत्येकाला फुलाफुलांचा पडदा. शिवगंगा नेहमी आतली खुर्ची धरायची, भिंतीकडं तोंड करून. ती लाजते असं मन्मथप्पाला वाटायचं आणि ते त्याला आवडायचंही. भिंतीकडं तोंड केलं की बाहेर कोण काय खातंय ते दिसत नाही, यापलीकडं तिनंही त्याचा कधी विचार केला नव्हता. आज पुरी फुगून आली, मन्मथप्पानं वाफ जावी म्हणून ती फोडली, आणि तेवढ्यात पडद्याखालून गिरजा गेली. नव्यानं चालायला लागलेल्या पोराला पडद्याची काय अडचण. शिवगंगेनं हाक मारली, मग उठली, मग पडदा सारला. बाहेरच्या बाकाशी, म्हातारीच्या गुडघ्याला धरून, तिची पोर तोंड उघडून उभी होती. म्हातारी घास भरवत होती आणि घास घालताना स्वतःचंही तोंड थोडं उघडत होती. तिथपर्यंतचं शिवगंगेला स्वच्छ आठवत होतं. पुढची चार पावलं ती कशी गेली ते आठवत नव्हतं.

"काय झालं गं?" म्हणत मन्मथप्पा बाहेर आला. त्यानं गिरजेला उचललं, बायकोच्या हातातलं पाहिलं, मग म्हातारीच्या ताटाकडं नजर टाकली. त्याचा आवाज वाईट नव्हता. दुकानात तो गिऱ्हाइकाशी बोलायचा तसाच होता. "मावशी, काय दिलं हो पोरीला? न्हाई, आमच्यात काई काई चालत न्हाई, म्हणून इचारलं."

म्हातारीनं हातातला घास खाली ठेवला, ताट दोन्ही हातांनी उचललं आणि त्याच्याकडं कलतं केलं, एस्टीत तपासनीस आला की आपण तिकीट दाखवतो तसं. ताटात कुस्करलेली ज्वारीची भाकरी होती, दही होतं, साखर होती. बाकावर एक धडपं सोडून ठेवलं होतं आणि त्यात उरलेली दीड भाकरी दिसत होती. म्हणजे भाकरी घरून बांधून आणलेली, हॉटेलातनं फक्त दही घेतलेलं. "बसं, बसं, ऱ्हाऊ द्या," मन्मथप्पा घाईनं म्हणाला. त्याचे कान लाल झाले होते. म्हाताऱ्यानं आपला उघडा डोळा त्याच्यावर नीट रोखला आणि शांतपणे सांगितलं, "घरची भाकर हाय मालक. दही तेवढं ह्यांचं." एवढं बोलून तो परत ताटाकडं वळला, पण जेवायला हात घातला नाही. मन्मथप्पा पोरीला घेऊन पडद्याआड गेला. शिवगंगेनं मूठ मिटली आणि हात धुवायला म्हणून ती मागच्या दारानं बाहेर पडली.

मागं पाण्याचा पत्र्याचा ड्रम होता, त्याला तोटी. शेजारी खरकट्याची बादली. पलीकडं उसाचं रान सुरू होत होतं आणि त्याच्याही पलीकडं, पाणी न पोचलेल्या उंचवट्यावर, पिवळं पडलेलं गवत. तिनं तोटी सोडली नाही. मूठ उघडायची आणि बादलीत झटकायची एवढंच काम होतं, पण तिची मूठ उघडेना. मुठीत ओल होती, पोरीच्या लाळेची आणि दह्याची. डाव्या हातात मात्र अजून ती हनुवटी होती. गिरजा पडद्याआड बापाच्या मांडीवर बसली असेल, तरी हातात हनुवटी होती, आणि ती वळायला बघत होती. जबड्याचं ते लहानसं हाड, त्यावरची तीळभर शीर, सगळा जोर लावून एका बाजूला फिरणारी. हे गिरजेचं नव्हतं. गिरजा वळलीच नव्हती, ती नुसती बघत राहिली होती. वळायचा तो सिदू. तिचा भाऊ.

बहात्तरच्या दुष्काळात सिदू असाच नुकता पाय फुटलेला होता आणि शिवगंगा परकर सांभाळून विहिरीवर जायच्या वयाची. लिंबागणेशाच्या अलीकडं त्यांचं गाव, आणि गावात अप्पांचं, तिच्या वडिलांचं, दुकान. मीठ, गूळ, चहापत्ती, रॉकेल, दिवाळीला थोडे फटाके. त्या साली लोकांकडं घ्यायला काही उरलं नाही आणि दुकानात विकायला. अप्पा बार्शीला अडतीवर काम मिळतंय का बघायला गेले होते, ते बरेच दिवस आले नाहीत. आणि दुकानाच्या उंबऱ्याबाहेर डोक्यावरचा पदर सरकू न देणारी तिची माय, दानम्मा, एका सकाळी दोन्ही पोरांना घेऊन पाझर तलावाच्या कामावर जाऊन उभी राहिली. पहिल्या दिवशी मुकादमानं तिला ओळखून खाली मान घातली होती, हे शिवगंगेला आठवत होतं. दानम्मा मातीच्या पाट्या वाहायची. तिला चालायची रीत माहीत नव्हती, पाटी डोक्यावर घेऊन ती पाय फार जपून टाकायची, आणि मागच्या बाया न बोलता आपला वेग कमी करायच्या. त्या सगळ्या त्यांच्या गिऱ्हाईक होत्या. त्यांनी कधी चिमूटभर जास्तीचं मीठ मागितलं की दानम्मा आतूनच अप्पांना "द्या हो" म्हणायची. आता त्या तिच्यासाठी हळू चालत होत्या.

दुपारच्या सुट्टीला बाया लिंबाखाली ओळीनं बसायच्या आणि फडकी सोडायच्या. रेशनवरच्या तांबड्या मिलो ज्वारीची भाकरी, कांदा, कुणाकडं कामावर वाटलेल्या सुकडीच्या गोड पिठाची पुडी. दानम्मा थोडी लांब बसायची. तिच्या फडक्यातही तीच मिलो असायची, पण कमी. सिदू आपला वाटा खाऊन झाला की उठायचा आणि ओळीच्या एका टोकापासून चालू लागायचा. प्रत्येकीसमोर थांबायचा, गुडघ्याला हात लावायचा, आ करायचा. मागायचा नाही, रडायचा नाही, हात पुढं करायचा नाही. तोंड उघडलं की त्यात काहीतरी येतं एवढीच त्याची समजूत होती आणि ती खरी ठरत होती. कुणी भाकरीचा पापुद्रा द्यायची, कुणी सुकडीची चिमूट. केशरबाई म्हणून एक होती, हसली की तिच्या हिरड्या दिसायच्या. ती तर त्याच्यासाठी मऊ मधला भाग मोडून बाजूलाच ठेवायची आणि तो यायच्या आधीपासून त्याच्याकडं बघत बसायची. असं किती दिवस चाललं कोण जाणे. मग एकदा त्याच्या तोंडात घास घालता घालता केशरबाई मायेनंच म्हणाली, "वाण्याचं पोर आज आपल्या दारी आलं गं बायांनो." सगळ्या हसल्या. त्या हसण्यात काही वाकडं नव्हतं. दानम्माही हसली. शिवगंगेनं तेव्हा मायच्या तोंडाकडं पाहिलं होतं. हसू संपल्यावरही ओठ तसेच राहिले होते, कुणीतरी ते खाली आणायला विसरल्यासारखे.

दुसऱ्या दिवशी सुट्टीच्या वेळेला दानम्मानं जुन्या लुगड्याच्या पट्टीनं सिदूला बाभळीच्या खोडाशी बांधलं. तो इतका ओरडला की मुकादम बघायला आला. तेव्हा तिनं पट्टी सोडली आणि शिवगंगेला बाजूला घेऊन सांगितलं. आवाज चढवला नाही. दुकानात एखादा जिन्नस कुठं ठेवलाय ते सांगावं तसं सांगितलं. "ह्याला घेऊन दगडाच्या ढिगामागं बस. लोक जेवत असले की लोकाच्या ताटाकडं बघायचं न्हाई. त्याचं तोंड डोंगराकडं धर." शिवगंगा रोज बसली. सिदूला मांडीत घेऊन, त्याची पाठ आपल्या पोटाला लावून. आधी ती त्याला डोंगरावरची गुरं दाखवायची, पण त्या साली गुरं छावणीला गेली होती, डोंगरावर काही नव्हतं. ढिगापलीकडनं कांदा फोडल्याचा वास यायचा आणि सिदूची हनुवटी वळायला लागायची. मग ती हात लावायची, अंगठा एका गालावर, चार बोटं दुसऱ्या. एवढंसं पोर, पण जबड्यात काय जोर असायचा. तिच्या हाताला रग लागायची. ती स्वतःही डोंगराकडंच बघायची. तिलाही वास यायचा, पण तिचं तोंड कुणी धरायची गरज नव्हती. ती मोठी होती.

केशरबाई एकदोनदा विचारायला आली होती. पोरगं कुठंय म्हणाली, आणि दानम्मानं झोपलंय म्हणून सांगितलं. ढिगामागनं शिवगंगेला दोघींची लुगडी दिसत होती. केशरबाई थोडा वेळ उभी राहिली. हातात भाकरीचा मऊ तुकडा होता, तो तिनं एका दगडावर ठेवला, जरा वेळानं परत उचलला आणि खाल्ला. पुढं ती विचारायची बंद झाली आणि दानम्माशी बोलायचीही जवळजवळ बंद झाली. तेव्हा शिवगंगेला वाटलं होतं, तिला राग आला असेल. आज ड्रमपाशी उभं राहून तिला तो दगडावर ठेवलेला तुकडा दिसला, आणि मघाशी हवेत थांबलेला म्हातारीचा हात दिसला. राग नसावा तो. देणाऱ्याचा घास परत आला की तो कुठं ठेवायचा हे कुणालाच ठाऊक नसतं.

पाऊस पडला, अप्पा परत आले, दुकान हळूहळू उघडलं आणि तळ्यावरच्या दिवसांबद्दल घरात कुणी पुन्हा बोललं नाही. शिवगंगेचं लग्न ठरलं तेव्हा दानम्मानं तिची वेणी घालता घालता एवढंच म्हटलं होतं, दुकानदाराची लेक म्हणून चाललीस, तशीच राहा. सासरी ती तशीच राहिली. बोलणंही तिनं धुऊन घेतलं, 'व्हतं'चं 'होतं' केलं. फक्त सिदू होता. तो आता गेवराईला मोटारी दुरुस्त करणाऱ्याकडं काम शिकत होता, चांगला उंच झाला होता, आणि बहिणीकडं आला की ताट घेऊन भिंतीकडं तोंड करून बसायचा. हे त्याला कुणी शिकवलं ते त्याला स्वतःला माहीत नव्हतं. विचारलं तर म्हणायचा, असंच बरं वाटतं. मन्मथप्पा थट्टा करायचा, तुझा भाऊ भिंतीला विचारून जेवतो. शिवगंगाही हसायची. त्या हसण्याच्या वेळी आपलेही ओठ खाली यायला वेळ लावतात का, असा प्रश्न तिला आज पहिल्यांदा पडला.

आतून गिरजेचं रडणं सुरू झालं होतं. शिवगंगेनं मूठ उघडली. तुकडा चेपून सपाट झाला होता, त्यावर तिच्या हाताच्या रेघा उमटल्या होत्या. खरकट्याच्या बादलीवर माशा होत्या. तिनं आजूबाजूला पाहिलं नाही. तो तुकडा तिनं स्वतःच्या तोंडात टाकला आणि सावकाश चावला. दही आंबट होतं, साखर नीट विरघळली नव्हती, आणि भाकरी सकाळची असूनही तिला चुलीचा वास होता. सासरी गॅस आल्यापासून तो वास तिच्या तोंडात आला नव्हता. मग तिनं तोटी सोडून हात धुतले.

आत आली तर म्हातारी धडप्याची गाठ बांधत होती. ताट अर्धं तसंच होतं, दही-भाकरीवर पाण्याचा पेला पालथा घातलेला. म्हातारा काठी चाचपत होता. शिवगंगा त्यांच्यासमोर जाऊन उभी राहिली आणि म्हणाली, "ताट टाकून कावून निघालात?"

सासरी आल्यापासून 'का'च्या जागी 'कावून' हा माहेरचा शब्द तिच्या तोंडून गेला नव्हता.

म्हातारी म्हणाली, झालं आमचं, म्हाताऱ्या माणसाला किती लागतं. मग ती सांगू लागली. गेवराईच्या पलीकडचं त्यांचं गाव. कारखान्यानं डोळ्यांचं शिबिर लावलं होतं म्हणून मालकाला घेऊन आली होती. आश्रुबा त्यांचं नाव, हिचं साखराबाई. डॉक्टरनं उपाशी पोटी औषध घेऊ नका म्हणून सांगितलं, तर एस्टी यायच्या आत चार घास खाऊन घ्यावे म्हणून इथं टेकली. पोरीला तिनं बोलावलं नव्हतं, ती आपसूक आली. घरी अशीच एक नात आहे. घरी म्हणजे आता घरी नाही, आईबापासंगं सांगलीकडं उसाला गेली, पाडव्याच्या सुमारास येईल. लेकरू पुढं येऊन उभं राहिलं की हात आपोआप जातो, त्यात काही मनात नव्हतं. हे सगळं ती गाठीशी चाळा करत, शिवगंगेकडं न बघता बोलली. आणि मग मात्र तिनं वर पाहिलं.

"येक इचारू का बाई? दिला तर दिला व्हता. तोंडात गेलेला घास कावून काढलास? लेकराच्या तोंडातला घास कुणी काढीत न्हाई."

मागं पडद्याच्या कड्या वाजल्या. गिरजेची उचकी जवळ आली, म्हणजे मन्मथप्पा पोरीला कडेवर घेऊन बाहेर आला होता आणि चारपाच हातांवर थांबला होता. शिवगंगा वळली नाही. काहीतरी साधं सांगता आलं असतं. पोट बिघडलंय, दात येतायत. तिनं तोंड उघडलं आणि ते साधं काही आलं नाही.

"बहात्तरला आमी तळ्यावर व्हतो," ती म्हणाली. "माय पाट्या वाहायची. माझा भाऊ असाच लोकापुढं जाऊन आ करायचा. लोक द्यायचे. मायला ते सोसलं न्हाई. लोक जेवत असले की मी त्याचं तोंड धरून बसायची. हाताला तीच सवय ऱ्हायली."

एवढं बोलायला तिला वाटलं होतं त्याहून फार कमी वेळ लागला. हॉटेलातल्या एका टेबलावर कुणीतरी मोठ्यानं पापड मागवत होतं. साखराबाई तिच्याकडं बघत राहिली, अरे रे म्हणाली नाही, तोंडाला पदर लावला नाही. तिनं फक्त गाठ परत सोडली.

"आमी बी व्हतो," ती म्हणाली. "आमचं तळं येगळं."

मग बाकावर सरकून तिनं जागा केली आणि शिवगंगा बसली. गिरजेनं बापाच्या कडेवरून खाली अंग टाकलं. मन्मथप्पानं तिला सोडलं. ती सरळ साखराबाईच्या गुडघ्याशी आली आणि मधे काही घडलंच नव्हतं अशी तोंड उघडून उभी राहिली. साखराबाईनं पेला बाजूला केला, दही-भाकरी बोटांनी आणखी मऊ केली, आणि घास उचलून आधी शिवगंगेकडं पाहिलं. शिवगंगेचा डावा हात मांडीवर होता. तिनं तो उजव्या हाताखाली घेतला आणि मान हलवली. घास गेला. दुसरा गेला. तिसऱ्या घासाला गिरजेनं साखराबाईचं बोट चावलं आणि आश्रुबाला हसू आलं. पट्टीच्या बाजूचा गाल न हलता तो अर्ध्याच तोंडानं हसला. साखराबाईनं उरलेल्या भाकरीचा चतकोर मोडून शिवगंगेच्या हातात दिला. शिवगंगेनं तो त्याच ताटातल्या दह्याला लावला.

मन्मथप्पा उभाच होता. त्याच्या घरात दुसऱ्याच्या ताटात हात घालत नाहीत. जातीबाहेरच्या घरी तो पाणीसुद्धा वरून ओतून प्यायचा. त्यात त्याचा काही मोठा विचार नव्हता, लहानपणापासून तसं होतं म्हणून तसं होतं. शिवगंगेला त्याचे पाय दिसत होते, पॉलिश केलेल्या चपला, त्यातला एक थोडा पुढं आलेला. तो काय म्हणेल याची ती वाट बघत होती आणि ती वाट बघण्यात नेहमीची धडधड नव्हती. तिच्या तोंडात घास होता, तो चावायचा होता. थोड्या वेळानं त्यानं समोरचा बाक ओढला आणि आश्रुबाजवळ बसला. पोऱ्याला हाक मारून त्यानं चार चहा सांगितले. मग आश्रुबाला डोळ्याबद्दल विचारलं, टाके कधी काढणार, दुसरा डोळा कसा आहे. आश्रुबानं सावकाश सगळं सांगितलं. चहा आला. एकाच डोळ्यानं म्हाताऱ्याला अंतराचा अंदाज येईना, बशीत ओतायला गेला तर धार बशीच्या बाहेर, लाकडावर पडली. पुन्हा ओतला, पुन्हा पडली. मन्मथप्पानं बशी उचलून कपाच्या कडेला लावून धरली. "ओता आता," तो म्हणाला. आश्रुबानं ओतला. तो पिऊन होईपर्यंत मन्मथप्पानं बशीखाली आपला हात तसाच ठेवला होता. त्याचा स्वतःचा चहा गार झाला.

एस्टी आली. साखराबाईनं गिरजेच्या तोंडावरून पदर फिरवून दही पुसलं. आश्रुबा चढताना चुकेल म्हणून मन्मथप्पा पायरीपर्यंत गेला. खिडकीतून साखराबाईनं हात वगैरे केला नाही, ती नवऱ्याला खिडकीकडची जागा द्यायच्या खटपटीत होती. गाडी धुरळा उडवून गेली. पडद्याआडच्या टेबलावर पुऱ्या बसून चामड्यासारख्या झाल्या होत्या, त्या तशाच टाकून तिघं निघाली.

दिवस मावळायला आला होता. स्कूटरवर गिरजा दोघांच्या मधे, बापाच्या पाठीला गाल लावून झोपली. दोन्ही बाजूंना ऊस, मधेच एखादं ओसाड रान, परत ऊस. मन्मथप्पा हळू चालवत होता. शिवगंगेला वाटत होतं, आता तो विचारेल, आजवर सांगितलं का नाहीस. किंवा घरी सांगू नकोस म्हणेल. वारा अंगाला लागत होता. पोटात परक्याची भाकरी होती आणि ती तिथं निवांत होती. कालव्याचा पूल दिसायला लागला तेव्हा तो मान थोडी मागं वळवून बोलला. इंजिनाच्या आवाजात पहिल्यांदा तिला ऐकू आलं नाही, म्हणून त्यानं परत विचारलं.

"तू तोंड धरल्यावर सिदू रडायचा का?"

तिला आठवावं लागलं नाही.

"न्हाई," ती म्हणाली. "रडायचा न्हाई. सकाळी भाकरी मी थापायची, हाताला पिठाचा वास असायचा. माझा तळहात चाटत बसायचा."

मन्मथप्पानं गाडी पुलाच्या कडेला घेतली आणि बंद केली. तो उतरला नाही, मागंही वळला नाही. दोन्ही हात हँडलवर ठेवून बसून राहिला. झोपलेल्या पोरीचं डोकं त्याच्या पाठीवरून घसरायला लागलं, तेव्हा शिवगंगेनं ते हातानं हळूच सावरून परत तिथंच टेकवलं. खाली पाणी वाहत होतं. तो गाडी सुरू करीपर्यंत दोघं ते ऐकत बसली.